सासूबाईंचा जांभळा दोरा

खर्ज्याला त्या गल्लीत खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. पूर्वी तो एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा आणि बोलायचाही तसाच, घशाच्या तळातून. मित्रांनी गमतीने खर्ज्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बोटांचे सांधे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने वाजवणं आवरतं घेतलं आणि जुन्या इलेक्ट्रिक बेस गिटारी विकत घेऊन, त्यांची डागडुजी करून विकायचं दुकान काढलं. दुकान कसलं, दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीला टांगलेल्या गिटारी, मागच्या खोलीत कामाचं टेबल, आणि त्या टेबलाशी सासूबाई.

सासूबाईंचं तिथे काय काम, हा प्रश्न प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पडायचा. त्यांनी उभा जन्म ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळण्यात घालवला होता. कारखाना बंद झाला, त्या लेकीकडे राहायला आल्या आणि आठवड्याभरातच कंटाळल्या. "दिवसभर काय भिंतींकडे बघत बसू?" असं म्हणून एक दिवस जावयामागोमाग दुकानात आल्या. तिथे भंगाराच्या डब्यात त्यांना एक मेलेला पिकअप दिसला. पिकअप म्हणजे गिटारीचा कान. वाजवायच्या तारांच्या खाली बसणारी चपटी डबी, तिच्यात ओळीने उभे चुंबकाचे खिळे आणि त्या खिळ्यांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. एक वेढा तुटला की सगळा पिकअप मुका.

सासूबाईंनी तो चष्म्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "इश्श, एवढंच होय? हे तर आमचंच काम!"

तेव्हापासून मागची खोली त्यांची झाली. शिलाई मशीनच्या जुन्या मोटरवर त्यांनी स्वतःच गुंडाळायचं यंत्र जोडून घेतलं. पायाने मोटर चालवायची आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची. सासूबाई डावऱ्या. त्यांचं यंत्र सुरू असताना दुकानात कोणी बोलायचं नाही, असा दंडक होता. फोन वाजला तरी वाजू द्यायचा. एकदा खर्ज्याला त्या वेळी शिंक आली, तर त्याला दोन दिवस बोलणी खावी लागली.

वेटोळं पूर्ण झालं की वरून दोरा गुंडाळायचा, म्हणजे तार सुटत नाही. सासूबाईंचा दोरा जांभळा. कारखान्यात प्रत्येकीचा दोऱ्याचा रंग ठरलेला असे. कुठल्या वेटोळ्यात खोट निघाली की दोरा बघून त्या बाईला बोलावणं यायचं. सासूबाई सगळ्यांत शेवटी लागल्या, तोवर लाल, हिरवा, निळा सगळे वाटून झाले होते. उरला जांभळा. हा रंग त्यांना जन्मात आवडला नव्हता, जांभळी साडी कधी अंगाला लावली नव्हती. पण दोऱ्यामुळे बोलावणं मात्र त्यांना एकदाही आलं नाही, आणि हे त्या इतक्या वेळा सांगायच्या, की खर्ज्याला त्यातली प्रत्येक जागा तोंडपाठ झाली होती.

जावयाबद्दल मात्र त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. कारखान्यातली लाल दोऱ्याची मैत्रीण अधूनमधून फोन करायची आणि जावई काय करतात असं विचारायची. सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "करतात काहीतरी गिटारीबिटारीचं." खर्ज्या पुढच्या खोलीत बसून हे ऐकायचा. ते बिटारी त्याला फार लागायचं.

अशात त्याच्या हाती तो बेस आला.

एका वारलेल्या वादकाच्या मुलीने तो आणला होता. बेस वर्षानुवर्षं पलंगाखाली पेटीत पडून होता. खर्ज्याने पेटी उघडली आणि खुर्ची ओढून तो खाली बसला. मूळचा पांढरा रंग आता जुन्या कागदासारखा पिवळसर झालेला. स्क्रू गिटारीच्या कारखान्यातले. बटणं कारखान्यातली. तारांवर बसणारं पत्र्याचं झाकणसुद्धा जागेवर. हे झाकण वाजवणारे पहिल्याच दिवशी काढतात आणि पुढे त्यात सिगारेटची राख झाडतात, त्यामुळे ते कुठे म्हणून सापडत नाही. दोन पिकअप, दोन्ही जिवंत. आतल्या वायरींच्या जोडांवरचे सोल्डरचे थेंब अजून कोणी न दुखावलेले. त्याने त्या मुलीला दर सांगितला तो रास्त सांगितला आणि तीही आनंदाने गेली.

जुन्या बेसच्या दराचं गणित विचित्र असतं. नवी बटणं बसवली की थोडा दर गेला. पिकअप पुन्हा गुंडाळला, तिसरा हिस्सा गेला. रंग पुन्हा मारला, निम्मा गेला. वाजतो कसा, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. ज्याला कोणी हात लावला नाही, त्याला सोन्याचा भाव. खर्ज्याने आयुष्यभर बदललेले, रंगवलेले, ठिगळं लावलेले बेस विकले होते. हात न लावलेला एकही नाही. व्यापारी मंडळींत त्याची ओळख 'ठिगळवाला' अशीच होती.

आणि मोठ्या रस्त्यावर, कोपऱ्यावर, एक गाळा रिकामा होता. त्याला जमिनीपासून छतापर्यंत काचेची खिडकी होती. खर्ज्या रोज दुकानात येताना मुद्दाम तिकडून यायचा आणि त्या काचेत आपल्या गिटारी टांगलेल्या बघायचा. हा एक बेस पूर्ण दराने गेला, की तो गाळा त्याचा. मालक रविवारपर्यंत थांबायला तयार होता. आणि रविवारीच बेस बघायला एक दंतवैद्य येणार होते. जुन्या बेसचे मोठे शौकीन. नाकावर माशी बसू देत नाहीत, पण वस्तू अस्सल असली तर घासाघीस करत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

शुक्रवारी दुपारी खर्ज्या बेस पुसत बसला होता. पुसून झालं होतं, तरी पुसत होता. तेवढ्यात त्याला दिसलं, की बेसच्या लांब मानेजवळच्या पिकअपचा एक चुंबक शेजारच्यांपेक्षा किंचित वर आलाय. नखाएवढाही नाही, पण त्याच्या डोळ्यात खुपायला लागला. दंतवैद्याच्याही खुपेल, असं वाटलं. त्याने अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला.

टिक.

हा आवाज त्याने ओळखला. जुन्या पिकअपमध्ये तार थेट चुंबकालाच गुंडाळलेली असते. चुंबक हलला की आतला वेढा तुटतो. हे तो स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, दारात निरोप देताना पुन्हा सांगायचा, वर बोट नाचवून सांगायचा. त्याने मीटर लावला. काटा ढिम्म हलला नाही.

तो बेस छातीशी धरून मागच्या खोलीत गेला.

"आई," तो म्हणाला, "घात झाला."

सासूबाईंनी मीटर पाहिला, पिकअप पाहिला, मग जावयाचा अंगठा पाहिला.

"दाबलात?"

"दाबला."

"बरे आहात ना? गिऱ्हाइकांना ओरडून सांगता तेव्हा कोण बोलतं मग तुमच्या आत?"

खर्ज्याने बेस पुढे केला. सासूबाईंनी टेबल मोकळं केलं आणि कपाटातून एक रीळ काढलं. कारखाना बंद होताना त्यांनी आठवण म्हणून मागून घेतलेली जुनी तार होती ती, काळपट तपकिरी लाखेची. तशी तार आता कोणी बनवत नाही. आजवर त्यांनी ती कुणाच्याच कामाला काढली नव्हती.

"आई, ही कशाला..."

"आतली पण हीच आहे. डोळे आहेत मला. आता तोंड मिटा."

यंत्र सुरू झालं. सासूबाईंची दोन बोटं पुढे मागे, पुढे मागे सरकत होती. कधी तार जरा सैल, कधी जरा ताठ, आणि नजर यंत्रावर नाहीच, समोरच्या भिंतीवर. खर्ज्या दारात उभा राहून बघत होता. हे तो रोज बघायचा, पण आज त्याचं सगळं त्या दोन बोटांवर टांगलेलं होतं, म्हणून आज त्याला ती नीट दिसली. किती सुरेख चालत होती! आपण एवढी वर्षं बेस वाजवला, आपली बोटं अशी एकदा तरी चालली असतील का, असं त्याच्या मनात आलं.

यंत्र थांबलं. मीटरवर आकडा आला तो शेजारच्या पिकअपशी जुळणारा. सासूबाईंनी सवयीने दोऱ्याच्या डब्यात हात घातला.

"आई, एक ऐका," खर्ज्या म्हणाला. "ह्या वेळी जांभळा नको. काळा घाला. बेसच्या कारखान्याचा काळाच होता."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

"दंतवैद्य पिकअपचं झाकण उघडून बघतील."

"बघू देत की. तोंड लपवावं असं काही केलंय का मी?"

खर्ज्याने मान खाली घालून खिडकीचं सांगितलं. तिसऱ्या हिश्शाचं सांगितलं. रविवारचं सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, जांभळं रीळ डब्यात परत ठेवलं आणि काळं काढलं.

"तुमचं दुकान, तुमचा दोरा," एवढंच म्हणाल्या.

एरवी एका वाक्याला चार वाक्यं ऐकवणारी बाई एवढ्यावर थांबली, हे त्याला टोचलं. पण वेळ टोचून घ्यायची नव्हती. त्याने पिकअप जागेवर बसवला, पेटीच्या कोपऱ्यातली जुनी धूळ चिमटीत घेऊन झाकणावर चोळली आणि स्क्रू मूळच्याच खाचांत फिरवले. बघणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं, की याला कोणी शिवलेलं नाही.

रविवारी सकाळी दंतवैद्य आले. शिडशिडीत, इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी बॅग. बॅगेतून त्यांनी कपाळावर बांधायचा दिवा काढला आणि दात तपासायचा लांब दांडीचा आरसा काढला. बेस टेबलावर आडवा ठेवला, बटणांखालची पट्टी काढली आणि म्हणाले, "हं, आता आ करा." हा त्यांचा नेहमीचा विनोद असावा, कारण ते स्वतः हसले नाहीत. खर्ज्या मात्र जरा जास्तच हसला.

आरसा आत फिरला. सोल्डरचे थेंब पाहिले, कापडी वायरी पाहिल्या, स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. दोन्ही पिकअपवर मीटर लावला. पत्र्याचं झाकण पाहून तर त्यांनी खर्ज्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच ते घडवलं होतं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत सासूबाई डबा पुढ्यात घेऊन स्क्रू निवडत होत्या, मोठे एकीकडे, बारीक एकीकडे.

"वाजवून बघू का?" दंतवैद्यांनी विचारलं.

ते वाजवायचे चांगले. आधी मागचा पिकअप, मग दोन्ही, मग मागचा बंद करून नुसता मानेजवळचा. पहिला सूर निघाला आणि भिंतीवरच्या बाकीच्या गिटारी अंगभर थरथरल्या. जाड, गोल, तरी बोटाचं टोक ऐकू येईल असा. दंतवैद्यांनी डोळे मिटले. तीच एक चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. मग थांबले आणि तारांवर तळवा ठेवला.

"हे ऐकलंत?" ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हा जो मानेजवळचा आहे ना, असा मी आजपर्यंत ऐकला नाही. माझ्याकडे घरी सहा बेस आहेत, एकाचाही असा नाही. हा हाताचा गुण आहे. त्या काळी कारखान्यात बायका बसायच्या तार गुंडाळायला. यंत्र नुसतं फिरायचं, तार त्या बोटांनी सोडायच्या."

खर्ज्याची छाती शर्टात मावेना. त्याने मागच्या खोलीकडे पाहिलं.

"पण गेल्या त्या बायका," दंतवैद्य म्हणाले. "असे हात आता जगात राहिले नाहीत. आता कोणी कितीही डोकं आपटलं तरी असा पिकअप होणे नाही. लिहून घ्या."

नुसतं 'खरंय' म्हणायचं होतं. एक शब्द. पुढे दर, पावती, आणि संध्याकाळी काचेची खिडकी. खर्ज्याने तो शब्द म्हणायला तोंड उघडलं. आत सासूबाईंचा हात स्क्रूंच्या डब्यावर थांबला होता. त्यांनी वर पाहिलं नाही. नुसता हात थांबला होता.

"राहिलेत," खर्ज्या म्हणाला.

"काय?"

"असे हात. राहिलेत. ह्या बघा, मागच्या खोलीत बसल्यात. तो पिकअप माझ्या सासूबाईंनी गुंडाळलाय. परवा."

दंतवैद्यांचीच दातखीळ बसली. मग ते हसायला लागले. "अहो, दर चढवायला खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले. उतरवायला बोलणारे तुम्ही पहिलेच."

"खोटं नाही. आधीचा माझ्या अंगठ्याने गेला. चुंबक दाबला मी."

"तुम्ही? तुम्ही तर फोनवर मला अर्धा तास सांगत होतात, की चुंबकाला हात लावू नका."

"तोच मी," खर्ज्या म्हणाला.

दंतवैद्यांनी पिकअप काढला, झाकण उचललं आणि दिव्याखाली धरला. "हा काळा दोरा. कारखान्याचाच आहे. तारही जुनी. मला नाही पटत."

आता सासूबाई उठल्या. पदर नीट केला, बाहेर आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. "डॉक्टर, गाठ बघा. दुसऱ्या पिकअपची बघा आणि मग ह्याची बघा. ती उजव्या हाताच्या बाईने मारलीय. ही उलटी पडलीय. मी डावरी."

आरसा एका पिकअपवरून दुसऱ्यावर गेला, परत आला, पुन्हा गेला. दंतवैद्यांनी दिवा विझवला.

"म्हणजे मी हातांचं बोललो नसतो, तर तुम्ही सांगणार नव्हतात," ते खर्ज्याला म्हणाले. चिडले होते, आणि चिडायला त्यांना कारण होतं.

"नव्हतो. नाही सांगायचं असंच ठरवलं होतं. ती धूळसुद्धा मीच चोळलीय."

"मग सांगितलंत कशाला?"

खर्ज्याने खांदे उडवले. "तुम्ही म्हणालात, असे हात राहिले नाहीत. बाकी सगळं ऐकून घेतलं असतं हो. हे नाही ऐकवलं."

दंतवैद्यांनी बेस पुन्हा मांडीवर घेतला, पिकअप खाली जागेवर टेकवून तीच चाल पुन्हा वाजवली आणि पुन्हा डोळे मिटले. मिटायचे नव्हते बहुधा, पण मिटले.

"घेतो," ते म्हणाले. "पण तिसरा हिस्सा कमी होणार. बाजाराची रीत आहे, मी मोडणार नाही."

"मान्य," खर्ज्या म्हणाला आणि त्याने खिडकीवर पाणी सोडलं. पण मान ताठ होती, आणि ती मुद्दाम धरलेली नव्हती.

"थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या. त्या मागे जाऊन दोऱ्याचा डबा घेऊन आल्या. "असा नाही न्यायचा तुम्ही."

त्यांनी काळी गाठ कापली आणि तो दोरा उलगडून टेबलावर ठेवला. मग जांभळं रीळ काढलं.

दंतवैद्य पुढे झाले. "आजी, तो रंग घातलात, तर पुढे कोणीही झाकण उघडताक्षणी ओळखेल."

"ओळखू दे ना. खोट निघाली तर मलाच बोलावतील. माझा रंग आहे तो."

दंतवैद्यांनी विचार केला. कपाळावरचा दिवा पुन्हा लावला आणि सासूबाईंसाठी खाली वाकवून धरला. "घाला," ते म्हणाले. "आणि माझ्या घरी एक मुका बेस पडलाय. पुढच्या रविवारी आणला तर चालेल?"

"आणा. त्यालाही जांभळाच पडेल, आधीच सांगते," सासूबाई म्हणाल्या.

"जावईबापू," मग त्या खर्ज्याला म्हणाल्या, "पिकअप धरा इकडे. कडेला धरा. अंगठा लांब."

खर्ज्याने कडेला धरला. जांभळा दोरा एकावर एक बसत गेला आणि उलटी गाठ पडली.

दुपारी बेस पेटीत बसून दंतवैद्यांच्या गाडीतून गेला. खर्ज्याने गाळ्याच्या मालकाला फोन करून गाळा दुसऱ्याला द्यायला सांगितलं. मग पुढच्या खोलीत बसून रिकाम्या झालेल्या खुंटीकडे बघत राहिला. आत फोन वाजला. लाल दोऱ्याची मैत्रीण होती.

"अगं, आज काय झालं माहितेय?" सासूबाई सांगत होत्या. त्यांचा आवाज त्यांना वाटत होता त्यापेक्षा बराच मोठा होता. "माझं वेटोळं ऐकून डॉक्टरांनी डोळे मिटले. हो, मोठे डॉक्टर. दातांचे. त्यांना वाटलं जुन्या कारखान्यातलंच... नाही गं, मी कशाला सांगतेय! ह्यांनी सांगितलं. गप्प बसले असते तर मोठ्या रस्त्यावर दुकान झालं असतं, काचेच्या खिडकीचं. तोंडाशी आलेला घास घालवला. कशासाठी म्हणून काय विचारतेस? माझ्यासाठी."

मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. खर्ज्याने कानात प्राण आणले.

"कोण म्हणजे? माझा जावई," सासूबाई म्हणाल्या. "बेस गिटारींचं दुकान आहे त्याचं. ये एकदा बघायला."